हे लोक नुसते आकडे का म्हणतात?

प्रश्न: अमेरिकी संगीतकार फिलिप ग्लास यांच्या ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ या ऑपेराबद्दल खूप वाचलं होतं, म्हणून मुद्दाम रेकॉर्डिंग मिळवलं. सुरुवातीलाच गायकवृंद ‘वन, टू, थ्री, फोर’ म्हणतो आणि म्हणतच राहतो. पुढे ‘डो, रे, मी’. गोष्ट नाही, आणि आइनस्टाइन एक शब्दही बोलत नाही. वीस मिनिटांत बंद केलं. लोकांना यात नेमकं काय सापडतं? की माझेच कान तयार नाहीत?

उत्तर: तुमच्या कानांचा काही दोष नाही. तुम्ही गोष्ट शोधत होतात आणि ती इथे ठेवलेलीच नाही. ग्लास आणि दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांनी हे काम उभं केलं ते चित्रांवरून. आधी संहिता लिहून मग तिला चाली लावल्या, असं झालं नाही. विल्सन यांनी रेखाटनं केली: आगगाडी, न्यायालय, मोकळं मैदान आणि त्यावर अंतराळयान. ती वही पियानोवर समोर ठेवून ग्लास यांनी संगीत लिहिलं. 25 जुलै 1976 रोजी फ्रान्समधल्या आव्हिन्यों महोत्सवात पहिला प्रयोग झाला. जवळजवळ पाच तास चालणारा, मध्यंतर नाही, प्रेक्षकाने वाटेल तेव्हा उठून जावं आणि वाटेल तेव्हा परत यावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये दोन प्रयोग झाले, प्रेक्षागृह भरलं, तरी डोक्यावर कर्ज उरलं आणि ग्लास पुन्हा टॅक्सी चालवायला लागले.

आता आकड्यांबद्दल. तालमीत गायकांना मात्रा आणि स्वर पाठ व्हावेत म्हणून ग्लास यांनी त्यांना मात्रांचे आकडे आणि स्वरांची नावं म्हणायला दिली होती. पुढे त्यांच्या लक्षात आलं की वेगळ्या शब्दांची गरजच नाही. म्हणजे गायक जे म्हणतात तेच ते करत असतात. आपल्याकडे सरगम गाताना गायक ‘ग म प’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, असं आपण विचारत नाही. अर्थ त्या स्वरातच असतो. इथेही तसंच आहे.

मीही पहिल्या खेपेला आगगाडीच्या प्रवेशात सोडून दिलं होतं. बऱ्याच महिन्यांनी पुन्हा लावलं ते बोटांवर मात्रा मोजत, आणि तेव्हा दार उघडलं. तुम्हीही तसं करा. अगदी सुरुवातीचा जो ‘नी प्ले’ आहे (नी म्हणजे गुडघा, चार अंकांना जोडणारे असे पाच छोटे सांधे या ऑपेरात आहेत), त्यात ऑर्गनवर खर्जात फक्त तीन स्वर वाजतात: ला, सोल, डो. पहिला चार मात्रा, दुसरा सहा, तिसरा आठ. गायकवृंद मोजतो ते हेच. दर वेळी पुढचा स्वर दोन मात्रांनी जास्त थांबतो, आणि आठव्या मात्रेनंतर परत चारावर येताना जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं होतं. दोन बायका त्यावर एकाच वेळी वेगवेगळं बोलत असतात. त्यांचे शब्द पकडायचा प्रयत्न करू नका. कान खर्जावर ठेवा, शब्द आपोआप येतात आणि जातात.

ही मोजणी आली कुठून, ते कळलं की आपल्याला हे संगीत फार परकं वाटत नाही. 1965-66 च्या सुमारास पॅरिसमध्ये एका चित्रपटासाठी पंडित रविशंकर यांनी वाजवलेलं संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी कागदावर उतरवायचं काम ग्लास यांच्याकडे आलं. ते नेहमीच्या सवयीने मापरेषा (पाश्चात्त्य स्वरलिपीत मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेषा) मारत आणि शेजारी बसलेले उस्ताद अल्लारखा सांगत की स्वर सगळे सारखेच आहेत, असा जोर पडत नाही. शेवटी ग्लास यांनी मापरेषा पुसूनच टाकल्या, आणि मग त्यांना दिसलं की लय ही लहान लहान गटांची बेरीज आहे. दोन आणि तीन, त्यात आणखी दोन. त्यांच्या पुढच्या सगळ्या संगीताचा पाया हा आहे. पाच स्वरांचा तुकडा काही वेळा वाजतो, मग त्यात एक स्वर वाढतो, मग आणखी एक. वरवर ऐकलं तर काहीच बदलत नाही. मोजत ऐकलं तर काहीच स्थिर नाही. मला या ऑपेरात जे सापडलं ते एवढंच, आणि ते मला फार मोठं वाटतं.

आणखी एक जागा सांगते. आगगाडीच्या प्रवेशात पाच स्वरमेळांची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांची) एक माळ येते आणि शेवटच्या अंतराळयानाच्या प्रवेशात तीच प्रचंड वेगाने परतते. ती एफ मायनरवरून निघते आणि ई मेजरवर उतरते. उतरताना अगदी समेवर आल्यासारखं समाधान होतं, पण प्रत्यक्षात आपण निघालो त्याच्यापेक्षा अर्धा स्वर खाली आलेलो असतो. लगेच पुन्हा उडी, पुन्हा उतार. घरी पोचल्याचा भास आणि घर मात्र हललेलं! अणुयुगाची भीती रंगवणारा हा प्रवेश एकाही स्पष्ट शब्दाशिवाय अंगावर येतो तो यामुळे.

एका बैठकीत सगळं ऐकायचा हट्ट धरू नका. खुद्द नाट्यगृहातच उठून जायची मुभा होती. आधी पाचही नी प्ले ऐका, मग अंतराळयान, मग आगगाडी. नृत्याचे प्रवेश डोळ्यांसाठी लिहिलेले आहेत, ते नुसत्या रेकॉर्डिंगवर लांबतात असं माझं मत आहे. ते पाहायचे असतील तर 2014 साली पॅरिसच्या शातले नाट्यगृहात चित्रित झालेला प्रयोग डीव्हीडीवर आहे.

प्रश्न: याच ऑपेराची दोन रेकॉर्डिंग दिसतात, 1978 चं आणि 1993 चं. कोणतं घ्यावं?

उत्तर: दोन्हींचं संचालन मायकल रीझमन यांचंच आहे. पहिलं सुमारे 160 मिनिटांचं. चार एलपींत बसावं म्हणून पुनरावृत्त्या कापाव्या लागल्या होत्या. ‘ननसच’ या रेकॉर्ड कंपनीचं 1993 चं तीन सीडींवर, सुमारे 200 मिनिटांचं. कापलेलं बरंच त्यात परत आलं आहे, ध्वनी स्वच्छ आहे आणि गायकवृंद जास्त नेटका. लांबी हा या कामाचा प्राणच असल्यामुळे शहाणपणाचा सल्ला 1993 चाच ठरेल.

तरी मी पहिलंच पुन्हा पुन्हा लावते. त्यातले इलेक्ट्रिक ऑर्गन थोडे खरखरीत, अंगावर येणारे आहेत, आणि पॉल झुकोफ्स्की यांचं व्हायोलिन जरा कोरडं, न लाडावलेलं. मुख्य म्हणजे शेवटचा नी प्ले. ते तीन खर्ज स्वर परतलेले असतात, मोजणी चालू असते, वर व्हायोलिन असतं, आणि त्यातलं बसचालकाचं पात्र बागेतल्या बाकावर बसलेल्या दोन प्रेमिकांची गोष्ट सांगतं. ती गोष्ट लिहिली सॅम्युएल जॉन्सन या नटाने, आणि 1978 च्या रेकॉर्डिंगमध्ये ती सांगणारा आवाजही त्याचाच आहे.