ध्रुवीय कोनाला अक्षांश म्हणावे का?

प्रश्न असा आहे की, गोलीय निर्देशकांत (केंद्रापासूनचे अंतर आणि दोन कोन यांनी बिंदू दाखवण्याच्या पद्धतीत) संकलन (इंटिग्रेशन) करताना ज्या ध्रुवीय कोनाच्या सीमा ० ते पाय (π, म्हणजे १८० अंश) घेतात, त्याला मराठीत सरळ ‘अक्षांश’ म्हटले तर चालेल का.

माझ्या मते चालणार नाही. अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात आणि हा कोन ध्रुवाकडे जाणाऱ्या अक्षापासून. त्यामुळे मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर असला, तरी तिचा ध्रुवीय कोन सुमारे ७१ अंश भरतो. दोन्ही एकमेकांचे कोटिकोन आहेत, म्हणजे त्यांची बेरीज ९० अंश होते. म्हणूनच अक्षांश वापरायचा ठरवल्यास सीमा उणे पाय/२ ते पाय/२ होतात आणि घनफळाच्या सूत्रात त्रिज्येच्या वर्गाला ज्येऐवजी (साइन) कोटिज्येने (कोसाइन) गुणावे लागते. (कोटिज्या म्हणजे कोटिकोनाची ज्या, हे नावातच आहे.) कोटिज्या घेऊन सीमा मात्र ० ते पाय अशाच ठेवल्या, तर अख्ख्या गोलाचे घनफळ शून्य येते!

दुसऱ्या, म्हणजे अक्षाभोवती मोजायच्या कोनाला रेखांश म्हणायला हरकत नाही, कारण तिथे सुरुवात कुठूनही केली तरी एक पूर्ण फेरा झाला म्हणजे पुरे. ध्रुवीय कोनाला मात्र अर्धाच फेरा लागतो: एका ध्रुवापासून दुसऱ्यापर्यंतचे अर्धवर्तुळ अक्षाभोवती एकदा फिरले की सारा पृष्ठभाग व्यापला जातो.

थीटा आणि फाय या अक्षरांवर विसंबू नये. भौतिकशास्त्रात ध्रुवीय कोनाला थीटा म्हणतात, तर कलनशास्त्राच्या अनेक अमेरिकी पाठ्यपुस्तकांत नेमके उलट असते. तेव्हा उत्तर लिहिताना कोणता कोन कुठून मोजला, हे शब्दांत सांगावे.

खरी गफलत होते ती गोलाचा तुकडा घेताना. केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येइतक्या उंचीवर आडव्या प्रतलाने गोल कापला, तर वरच्या टोपीसाठी ध्रुवीय कोन ० ते पाय/३ जातो, कारण कडेवर त्याची कोटिज्या १/२ असते. पण केंद्रापासूनचे अंतर शून्यापासून सुरू होत नाही, ते गोलाची त्रिज्या भागिले कोटिज्येची दुप्पट इथून, म्हणजे प्रतलापासून, सुरू होते. शून्यापासून धरले तर टोपीखालचा शंकूही मोजला जातो आणि पाय गुणिले त्रिज्येच्या घनाच्या ५/२४ पटीऐवजी ८/२४ पट उत्तर येते.