संकुल कुठे होणार, यात सोसायटीला बोलायला जागा किती?

ताई, तुम्ही लिहिलंय की मांजलपूरला सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर महापालिकेचं क्रीडासंकुल येणार अशी चर्चा आहे, तरुणांना ते हवंय, ज्येष्ठांना तिथे बाग हवीय, आणि सह्यांचं निवेदन लगेच आयुक्तांना द्यावं का. निवेदन जरूर द्या, पण त्याआधी तो प्लॉट कागदावर काय आहे ते काढा. बडोद्यात निम्मी भांडणं या एका कागदावाचून होतात.

आपल्याकडे अशी जागा टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत ठरते, आणि बहुतेक वेळा आपण तिथे राहायला यायच्या कितीतरी आधी. 1976 च्या गुजरात नगररचना कायद्याप्रमाणे मूळ जमिनींतून कपात करून सार्वजनिक कामांसाठी जागा काढतात. त्याचे टक्केही कायद्यात दिलेले आहेत: रस्त्यांना 15, बागा-क्रीडांगणं-मोकळ्या जागांना 5, शाळा-दवाखाना-अग्निशमन वगैरेंना 5, आणि विकून खर्च भागवायला 15. परिस्थितीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. गंमत या शेवटच्या 15 मध्ये आहे. वर्षानुवर्षं पोरं जिथे क्रिकेट खेळतात तो प्लॉट विक्रीसाठी राखलेला निघाला, तर उद्या तिथे मॉल उभा राहिला तरी तुम्हाला म्हणायला फारसं काही उरत नाही. तेव्हा टीपी विभागातून योजनेचा नंबर, फायनल प्लॉट नंबर (योजनेत नव्याने आखलेल्या प्लॉटचा नंबर) आणि त्यापुढे लिहिलेला हेतू घ्या. खिडकीवरून टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. गुजरातेत 20 रुपये फी आहे आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हेतू ‘विक्री’ असेल तर तुमच्यातले दोन्ही गट एका बाजूला या आणि आधी तो प्लॉट मोकळा राहावा म्हणून झटा. बाग की मैदान, हे नंतर. ‘बाग’ किंवा ‘क्रीडांगण’ असेल तर स्थिती मजबूत आहे. मंजूर योजनेतला हेतू बदलायचा तर योजनेत रीतसर फेरफार करावा लागतो, नुसत्या ठरावाने भागत नाही. बंगलोरला बागेची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं आणि अशा बाबतीत रहिवाशांना दाद मागता येते हेही मान्य केलं. निवेदनात एका ओळीत त्याचा उल्लेख करा, बोलण्याचा सूर बदलतो.

योजना अजून मसुद्यावर असेल तर मात्र धावपळ करा. मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत वांधा-सूचन, म्हणजे हरकत किंवा सूचना, लेखी द्यायचं असतं. जाहिरात पेपरात आतल्या पानावर येते, कुणाचं लक्ष नसतं. हरकत सोसायटीच्या लेटरहेडवर एक आणि घरटी वेगळी, अशी द्या. प्रत्येकाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

आता मूळ वादाबद्दल माझं मत, पटलं तर बघा. संकुल घराजवळ असण्याला विरोध करू नका. कोटंबीचं स्टेडियम हालोल रस्त्याला झालं, डिसेंबर 2024 मध्ये तिथे भारत-वेस्ट इंडीज महिलांचे एकदिवसीय सामने झाले, छानच आहे. पण ते सामने बघायला. मांजलपूरची बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिथे जाणार आहे का? दांडिया बाजारात माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर भर वस्तीत आहे, म्हणून आसपासची पोरं तिथे पायी जाऊन मल्लखांब शिकू शकली. खेळाची जागा चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर ती गाडी असलेल्यांची होते.

ज्येष्ठांची भीती मात्र खोटी नाही. त्यांना खेळाचा त्रास नसतो, त्रास असतो तो नंतरच्या बॉक्स क्रिकेटचा, रात्री बारापर्यंतच्या फ्लडलाइटचा, नवरात्रात गरब्याला आणि लग्नसराईत मांडवाला मैदान भाड्याने जाण्याचा. आमच्या बाजूच्या एका मैदानाचं हेच झालं. चालवायला ठेकेदार आला आणि पोरं कंपाउंडबाहेर रस्त्यावर खेळायला लागली. म्हणून बाग की संकुल यावर मतदान घेत बसण्यापेक्षा अटी लिहून मागा: सकाळी आणि संध्याकाळी ठराविक तास बिनपैशाचे, कडेने चालायची पट्टी आणि बाकडी, मुख्य फाटक सोसायटीच्या गल्लीत नको, मोठ्या रस्त्यावर, पार्किंग आत. आवाजासाठी वेगळा कायदा मागायची गरज नाही, 2000 चे ध्वनी नियम आहेतच: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल. सणासमारंभासाठी बारापर्यंत सूट आहे, पण तीही वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. या अटी टेंडर निघायच्या आधी त्यात गेल्या पाहिजेत. स्थायी समितीने टेंडर मंजूर केल्यावर ठेकेदार करार दाखवतो आणि आपण तोंड बघत राहतो.

अजून एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो प्लॉट आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खोलगट आहे का? बडोद्यात खोलगट रिकामी जागा पावसाचं पाणी धरून ठेवते. तिथे भराव टाकून कोर्ट आणि पेव्हर ब्लॉक केले की ते पाणी तुमच्या तळमजल्यात येणार. 2019 चा जुलै आणि 2024 चा ऑगस्ट आठवा, विश्वामित्री नदी कुठवर आली होती. जवळून कांस (पावसाच्या पाण्याचा नाला) जात असेल तर तिची रुंदी नकाशावर किती आणि जागेवर किती ते मोजून घ्या, फोटो काढा, आणि भरावाची पातळी किती ठेवणार हे लेखी विचारा. हा मुद्दा बागवाले आणि संकुलवाले दोघांनाही चालतो, आणि इंजिनियरला त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

नगरसेवक वॉर्डात चार असतात. चौघांनाही भेटा, पक्ष बघू नका. जमलं तर त्यांना साइटवर बोलवा, पहिल्या जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी.