पटकथा शंकासमाधान : बापासाठी बदलणारा धाकटा

प्रश्न : माझ्या पटकथेतला धाकटा मुलगा शिकलेला, बापाच्या काळ्या धंद्यापासून चार हात लांब राहणारा. बापाचा खून होतो आणि तो पिस्तूल उचलतो. वाचणारे म्हणतात, 'हा एकदम कसा बदलला?' कुठं चुकतंय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : बापाला मारलंत, तिथंच. बाप गेला की मुलाच्या हाती फक्त सूड उरतो, आणि सूड घ्यायला माणूस बदलावा लागत नाही, नुसता पेटला तरी पुरतं. कपोला यांचा 'द गॉडफादर' (१९७२) पुन्हा पाहा. माफिया टोळीचा म्होरक्या असलेल्या बापाला, विटो कॉर्लिओनेला, गोळ्या लागतात, पण तो वाचतो. जिवंत बापाला सांभाळावं लागतं, आणि सांभाळण्याचं एकेक काम धाकट्या मायकलला पुढच्या कामात ओढत नेतं. शिवाय त्याला कुणी गळ घालत नाही. उलट तो बापाच्या शत्रूंच्या खुनाची योजना मांडतो तेव्हा थोरला सनी हसण्यावारी नेतो.

इस्पितळाचा प्रसंग आवाज बंद करून पाहा. पहारा हटवलेला. मायकल नर्सला घेऊन बापाची खाट दुसऱ्या खोलीत हलवतो. फुलं घेऊन आलेल्या एन्झो या बेकरीवाल्याला सोबत घेऊन पायऱ्यांवर उभा राहतो. कॉलर वर, हात कोटात, जवळ हत्यार नाही. गाडी येते, थबकते, निघून जाते. एन्झोचे हात इतके थरथरतात की सिगारेट पेटत नाही. मायकल लायटर पेटवतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघतो. तो हात स्थिर आहे. बदल झाला तो इथं, अजून गोळी सुटायची आहे. तुमच्याकडे असं पान नसेल तर आधी ते लिहा, आणि त्यात संवाद घालू नका. तिथं शपथ घातलीत की सगळं मुसळ केरात.

पुढं उपहारगृहात मायकलसमोर बापावर हल्ला करवणारा सॉलोझो आणि त्याला सामील पोलीस कॅप्टन मॅक्लस्की. पिस्तूल संडासातल्या टाकीमागे लपवलेलं. बाहेर येताक्षणी गोळ्या घालायच्या असं ठरलेलं असतं, पण मायकल येऊन पुन्हा खुर्चीवर बसतो. सॉलोझो इटालियनमध्ये बोलत राहतो, उपशीर्षकं नाहीत, आणि पडद्यावर न दिसणाऱ्या रेल्वेची घरघर वाढत जाते. ठरलेल्या बेतापासूनची ही ढळ फार मोलाची. नायकानं योजना तंतोतंत पाळली तर तो हुकमाचा ताबेदार वाटतो.

मग मायकल दोघांनाही गोळ्या घालतो. हा प्रसंग १७५ मिनिटांच्या चित्रपटात साधारण मध्यावर येतो. पानाला मिनिट धरलं तर तुमच्या १२० पानांत तो पंचावन्न-साठच्या आसपास पडेल. पंचविसाव्या पानावर पिस्तूल निघत असेल तर मधली तीस पानं लिहायची राहिलीत.

प्रश्न : 'सरकार'मध्येही हेच आहे ना?

उत्तर : साचा तोच. राम गोपाल वर्मांनी २००५च्या त्या चित्रपटात 'गॉडफादर'चं ऋण उघड मान्य केलंय. पण मुंबईतल्या नागरे घराण्यात थोरला विष्णूच शत्रूंना सामील होतो, त्यामुळे बापाशी इमान राखायचं तर धाकट्या शंकरला भावावर उठावं लागतं. हा फाटा वापरायचा असेल तर निदान दोन प्रसंगांत थोरल्याची तक्रार खरी वाटू द्या. तो नुसताच नालायक निघाला तर धाकट्याला त्याच्याविरुद्ध जाताना काहीच गमवावं लागत नाही.