क्रीम फुटतं, झँथन गम घालू का?

प्रश्न: ताई, मी घरी खोबरेल तेल आणि कोरफडीचं क्रीम करते, पण दोन दिवसांत वर तेल आणि खाली पाणी होतं. कोणीतरी म्हणालं झँथन गम घाल. घालू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: घाल गं, पण नुसत्या गमने काम नाही होणार. गम पाणी घट्ट करतो, तेलाचे थेंब लवकर वर येत नाहीत एवढंच, तेल-पाणी खरं जुळवून धरायला इमल्सिफायर वेगळा लागतो, आणि आपल्या गोव्यात खोबरेल बहुतेक वर्षभर पातळच, ते २४-२५ डिग्रीला वितळतं ना, म्हणजे त्याच्याकडून घट्टपणाची आशाच सोड. १०० ग्रॅम क्रीमला ०.३ ग्रॅम झँथन बास, जास्त झाला की शेंबडासारखं बुळबुळीत होतं (माझं झालंय!). थेट पाण्यात टाकू नको, गाठी होतात, आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालव. ग्वार गमही चालतो, तो आपल्या गवारीच्या बियांचा, झँथन मात्र जिवाणू साखर आंबवून बनवतात. आणि प्रिझर्व्हेटिव्ह घालच, कोरफड आणि पाणी म्हणजे बुरशीला जेवणाचं आमंत्रण, पावसाळ्यात तर विचारूच नको.