३० गुण आणि ३० केसपेपर

या वेळचे प्रश्न नागपूर आणि परिसरातल्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या वाचकांचे आहेत. दवाखाना सुरू झाल्यावर शिक्षण कसं चालू ठेवायचं, हाच सगळ्यांचा विषय.

प्रश्न : नोंदणीचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. सर्टिफिकेटं मोजली तर १९ गुण भरतात. आणखी दोन-तीन सीएमईंना (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांना) गेलो होतो, पण कागद सापडत नाहीत. आता काय करू? (सक्करदरा)

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण लागतात. पाच वर्षांत ३० तास शिक्षणाची ही अपेक्षा मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे.

कागद नाहीत त्या कार्यक्रमांच्या आयोजकांना या आठवड्यातच लिहा. तारीख, ठिकाण, तुमचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक द्या. हजेरीपटावर तुमची सही असेल तर सर्टिफिकेटची दुसरी प्रत मागता येते. मात्र वर्षं उलटली की आयोजकही बदलतात आणि हजेरीपटही हरवतात. पुढे जाताना दोन गोष्टी सांभाळा. सही करताना नोंदणी क्रमांक सुवाच्य लिहा, आणि सर्टिफिकेट हातात पडताच मोबाइलवर फोटो काढून एकाच फोल्डरमध्ये टाका. जाण्याआधी कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे का, हे निमंत्रणपत्रिकेवर बघा.

उरलेले ११ गुण वर्षभरात सहज जमतात. फक्त ते कशात मिळवायचे, ते तुम्ही ठरवा. चार गुण आहेत म्हणून त्वचेच्या लेझरवरच्या कार्यक्रमात रविवार घालवण्यापेक्षा एक गुण देणारा, पण तुमच्या पेशंटच्या कामाचा तास निवडा. (आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या वाचकांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते. त्यांनी आपापल्या परिषदेचे नियम पाहावेत.)

प्रश्न : हिंगणा रोडवर दवाखाना आहे. सकाळी १० ते २, संध्याकाळी ६ ते १०. सीएमई नेमक्या संध्याकाळी ८ वाजता धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडे असतात. गेले तर ओपीडी बुडते. मी शिकायचं कधी?

मॅडम, ओपीडी न बुडवता शिकायची सोय तुमच्या कपाटातच आहे. आमच्या मते जनरल प्रॅक्टिससाठी याहून चांगला वर्ग नाही. डायबेटिसचे शेवटचे ३० पेशंट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने त्यांचे केसपेपर काढा. आठवतील ते काढले तर नियमित येणारे, शहाणे पेशंटच हाती लागतात आणि आकडा फसवतो. केसपेपर पेशंटकडेच राहत असेल, तर आजपासून पुढचे ३० जण येतील तसे नोंदवा.

एका कागदावर पाच रकाने आखा : सहा महिन्यांतलं एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी), वर्षभरात लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, वर्षभरात डोळ्यांचा पडदा, वर्षभरात पाय, आणि गेल्या भेटीतलं बीपी. लिहिलेलं असेल तरच बरोबरची खूण करा. ‘सांगितलं होतं’, ‘बहुतेक केलं असेल’ याला फुली. पाचाच्या पुढे रकाने वाढवू नका. पंधरा रकान्यांचा कागद दुसऱ्या दिवशी कुणी हातात घेत नाही.

बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त फुल्या पायाच्या रकान्यात पडतात. कारण साधं आहे. पेशंट खुर्चीत बसतो, पाय टेबलाखाली असतात, बाहेर रांग लागलेली असते. त्यामुळे ज्ञान वाढवण्याआधी व्यवस्था बदला. बीपी घेण्याआधीच मदतनिसाने चप्पल-मोजे काढायला लावून पेशंटला तपासणीच्या टेबलावर झोपवायचं. एवढ्याने निम्मं काम होतं.

आता तपासणी. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा) आधी पेशंटच्या हाताला टेकवून स्पर्श कसा लागतो ते दाखवा, मग डोळे मिटायला सांगा. पायाच्या अंगठ्याचा तळ आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या मेटाटार्सलचं (बोटामागच्या लांब हाडाचं) टोक, या जागांवर तो काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबा, एक-दोन सेकंद धरा आणि उचला. लागलं का, आणि कुठे लागलं, हे दोन्ही विचारा. मधे एकदा न टेकवताच विचारा, म्हणजे उत्तर अंदाजाने येतंय का ते कळतं. घट्ट्यावर टेकवू नका, तिथे निरोगी पायालाही कमी कळतं. एका मोनोफिलामेंटने साधारण दहा पेशंट तपासले की त्याला २४ तास विश्रांती द्या. सतत वाकून नायलॉन मऊ पडतो, मग तो १० ग्रॅमच्या आतच वाकतो आणि चांगला पायही बधिर ठरतो. मोनोफिलामेंट नसेल तर दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला तर्जनीने हलका, एक-दोन सेकंदांचा स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असं धरा. पायाच्या नाड्या चाचपायला आणि बोटांच्या बेचक्या बघायला विसरू नका.

तीन महिन्यांनी पुन्हा सलग ३० केसपेपर काढा. समजा पहिल्यांदा पाय ६ जणांचे तपासले होते आणि आता २१ जणांचे, तर तुम्ही काय शिकलात ते कागदावरच दिसतं. ६ चे ७ झाले असतील तर बदल पेलला नाही. बहुधा मदतनीस बदललेला असतो किंवा रात्री ९ नंतरच्या गर्दीत सगळं जुन्या पद्धतीने चालतं. तेवढंच दुरुस्त करा. एका वेळी एकच रकाना.

प्रश्न : सहा दिवस ताप असलेल्या शेतमजूर बाईला मी सेफिक्झिम (अँटिबायोटिक) दिलं. ताप उतरला नाही म्हणून नागपूरला पाठवलं, तिथे स्क्रब टायफस निघाला. ती बरी झाली, पण माझं काय चुकलं ते नीट समजून घ्यायचं आहे. (उमरेड)

सर, हा प्रश्न विचारलात याबद्दल मनापासून आभार. २०१८ मध्ये नागपूर आणि पूर्व विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले. तेव्हापासून पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, पाच दिवसांहून जास्त ताप असला की हे निदान मनात असायलाच हवं. स्क्रब टायफसचा जंतू पेशीच्या आत वाढतो आणि सेफिक्झिमसारख्या औषधांना दाद देत नाही. त्यामुळे डोस वाढवून किंवा इंजेक्शन देऊनही काही होत नाही.

दुसरी गोष्ट शोधण्याची. गवतातल्या सूक्ष्म कीटकाची अळी चावते तिथे काळी खपली धरते, भोवती लालसर कडा, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. काख, जांघ, स्तनांखाली, कानामागे, आणि परकराची नाडी किंवा करगोटा बसतो तिथे मुद्दाम बघावं लागतं. बाईंना तपासताना परिचारिका सोबत घ्या. खपली सापडली नाही म्हणून आजार नाही असं होत नाही.

संशय बळकट असेल तर रिपोर्टसाठी थांबू नका. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किमान ७ दिवस. गोळी पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. गरोदर स्त्रीला अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, ५ दिवस. ताप सहसा ४८ तासांत उतरतो. उतरला नाही तर निदान पुन्हा तपासा. धाप, कावीळ, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयात पाठवा, आणि दिलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत द्या.

आता शिकण्याची सवय. पाठवलेल्या प्रत्येक पेशंटसाठी एक वही ठेवा. तारीख, मला काय वाटलं, तिथे काय निघालं, पुढच्या वेळी मी काय करणार. ‘मला काय वाटलं’ हे पेशंट निघण्याआधीच लिहायचं. निदान कळल्यावर आपल्याला तेच वाटत होतं असं प्रत्येकालाच वाटतं. नातेवाइकांना निघतानाच सांगा की सुट्टी झाल्यावर डिस्चार्ज कार्ड दाखवायला आणा. वर्षभरात पन्नासेक ओळी होतील, आणि पुढच्या वर्षी कुठल्या सीएमईला जायचं ते त्याच सांगतील.

प्रश्न : औषध कंपनीच्या सीएमईला जावं की नाही? (महाल)

व्याख्यान ऐकायला हरकत नाही. भेटवस्तू आणि सहली मात्र घेऊ नका. आचारसंहितेच्या डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने डॉक्टरांना त्या मनाईच आहेत आणि २०२४ च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांनाही बांधलं आहे.

जास्त सावध राहायचं ते स्लाइडवरच्या टक्क्यांबाबत. समजा स्लाइड म्हणते, ‘हार्ट अटॅकमध्ये २५ टक्के घट’. मूळ आकडे विचारा. पाच वर्षांत जुन्या औषधावर हजारात ४० जणांना अटॅक आला आणि नव्यावर ३० जणांना, तरी घट २५ टक्केच. पण खरा फरक हजारात १०, म्हणजे एक अटॅक टाळायला १०० जणांनी पाच वर्षं गोळी घ्यायची. नवी गोळी दिवसाला २० रुपयांनी महाग असेल तर प्रत्येक पेशंटचे ३६,५०० रुपये जास्त जातात. काहींसाठी ते योग्यही असेल, पण ठरवताना हा हिशेब समोर हवा. तुलना कशाशी केली, हेही विचारा. जुन्या गोळीशी की नुसत्या प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी)?

प्रश्न : आम्ही आठ डॉक्टर व्हॉट्सॲपवर केसेसची चर्चा करतो. चालेल का? (कामठी)

जरूर करा, उत्तरं पटकन मिळतात. फोटो टाकण्याआधी पेशंटची संमती घेऊन केसपेपरवर नोंदवा. चेहरा, गोंदण, एक्स-रेवरचं नाव आणि मागे दिसणारा केसपेपरचा कोपरा झाका. शक्य असेल तर महिन्यातून एकदा आठही जण तासभर समोरासमोर बसा आणि प्रत्येकाने आपल्या वहीतली एक ओळ वाचा, शक्यतो अंदाज चुकलेली.