देवळापासून ८० मीटरवर आमचं जुनं मातीचं घर आहे, घरकुल मंजूर झालं, पण पाडून नवीन बांधता येत नाही म्हणतात. खरं आहे का?

हो, देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं असेल तर खरं आहे, गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळासारखं. जुन्या स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली तेव्हापासून हद्दीपासून १०० मीटरात नवीन बांधकाम पूर्ण बंद, त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी काढून चालते, आणि तुमचं घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर डागडुजीला एनओसी मिळते, म्हणजे कवेलू बदला, भिंत सावरा, पण पाडून स्लॅब टाकला की ते दुरुस्तीत बसत नाही अन् २ वर्षं कैद किंवा १ लाख दंड, नाहीतर दोन्ही. ताजमहालाला जो नियम तोच खेड्यातल्या हेमाडपंथी देवळाला, ही खरी गोम. तो सैल करायचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत पास झालं अन् राज्यसभेत अडकलं, तेही केंद्राच्या सार्वजनिक कामांपुरतंच होतं, तुमच्या घराला त्यात काहीच नव्हतं. फक्त एक बघा, मोजमाप कळसापासून नाही, संरक्षित हद्दीपासून होते, अन् देऊळ राज्याच्या यादीतलं असेल तर कायदा वेगळा, १९६० चा. म्हणून देऊळ कुणाकडं आहे ते कळायला आधी तिथला पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड वाचा.