वाचकांचे प्रश्न : एवढ्या लांब जाऊन कार्टूनच बघायचं?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा शाळेत तुमच्याकडे चित्रकला शिकला, इंटरमिजिएटला त्याला ए ग्रेड मिळाली ती तुमच्यामुळेच. आता तो न्यू जर्सीत असतो. पुढच्या महिन्यात मी तिकडं जातेय. नऊ वर्षांच्या नातीनं आत्ताच फर्मान काढलंय, "आजी, आपण थिएटरमध्ये टोटोरो बघायचा." सुनेनं तिकिटंही काढलीत. जपानी कार्टून आहे म्हणे, तेही जुनं. मला जपानी येत नाही, इंग्रजी जेमतेम. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि तिकडं मध्यंतर नसतं असं ऐकते. तिकिटाचे रुपये केले तर आमची आठवड्याची भाजी येईल. जाऊ, की "घरीच मोबाइलवर बघू" म्हणून पोरीची समजूत घालू?
– एक आजी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, जा. आणि डॉलरचे रुपये करणं विमानात बसायच्या आधीच सोडा, नाहीतर तिथं चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही.

मीही अशीच नाक मुरडत गेले होते. 2025 च्या मार्चमध्ये लेकीकडे होते, तेव्हा जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 1997 सालचा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा कार्टूनपट अमेरिकेत आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यावर पुन्हा लागला. जावई म्हणाले, "आई, तुम्ही चित्रकलेच्या बाई, तुम्ही बघायलाच हवा." पाच मिनिटं झाली नसतील, तोच जंगलातून एक अजस्र रानडुक्कर उसळून बाहेर आलं, अंगभर काळ्या अळ्या वळवळताहेत. मी "अगं बाई!" म्हणून चक्क ओरडले. पुढच्या रांगेतला पोरगा वळून बघून हसला. मग वनदेव चालत येतो. त्याचं पाऊल पडेल तिथं रोपं उगवतात आणि पाऊल उचललं की सुकून जातात. एवढं थिएटर गच्च भरलेलं, पण कुणी पॉपकॉर्नचा दाणा चावत नव्हतं. मोबाइलवर ते पाऊल तुरीच्या दाण्याएवढं दिसलं असतं.

तुमचा टोटोरो इतका भयंकर नाही, घाबरू नका. 1988 सालचा, तोही मियाझाकींचाच. आई दवाखान्यात, म्हणून वडील दोन मुलींना घेऊन तिच्या जवळपास खेड्यात राहायला येतात. घरामागं एक प्रचंड झाड, त्यात तो केसाळ टोटोरो राहतो. ते झाड कापराचं आहे बरं का! आपण आरतीला लावतो तो कापूर मुळात ज्याच्या लाकडातून काढायचे, ते. मियाझाकींची स्वतःची आईही त्यांच्या लहानपणी क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळली होती. सिनेमातल्या धाकटीचा रडवेला हट्ट बघाल तेव्हा हे आठवेल.

आता माझ्या आवडीचं सांगते. यातले देखावे काझुओ ओगा या चित्रकारानं हातानं रंगवलेत, तेही पोस्टर कलरमध्ये. म्हणजे आपली पोरं एलिमेंटरीच्या परीक्षेला ज्या बाटल्या घेऊन जातात, त्याच जातीचे रंग! भातशेताच्या बांधावरचं गवत, ओल्या मातीची वाट, तिन्हीसांजेचं आभाळ. मी जन्मभर मुलांना "झाड म्हणजे हिरवा गोळा नव्हे" हे सांगून घसा कोरडा केला. ते या माणसानं एका झाडात दाखवलंय. बसस्टॉपवर पाऊस पडतोय आणि टोटोरो छत्री घेऊन उभा आहे, तिथं कितीतरी वेळ काहीच घडत नाही. छत्रीवर थेंब पडतात, बस्स. टीव्हीवर बघताना माणूस तिथं फोडणी परतायला उठतो. थिएटरात उठता येत नाही, म्हणून तो पाऊस अंगावर येतो.

भाषेचं म्हणाल तर एक काम आधी करा. तिकीट जपानी आवाजाचं आहे की इंग्रजी, ते सुनेला विचारा. दोन्हींचे खेळ वेगवेगळे असतात. आमचं 'मोनोनोके'चं पहिलं तिकीट चुकून इंग्रजीचं निघालं. मला धड शब्द कळेनात, आणि चेहरे जपानी नि बोलणं अमेरिकन, म्हणून लक्षही लागेना. मग हट्टानं दुसऱ्यांदा जपानी खेळाला गेले. खालच्या सबटायटलच्या अर्ध्या ओळी सुटल्या, तरी रडू वेळेवर आलं. टोटोरोच्या इंग्रजी आवृत्तीत दोघी बहिणींना डकोटा आणि एल फॅनिंग या सख्ख्या बहिणींचेच आवाज आहेत, तेव्हा नातीनं इंग्रजीच धरलं तर फार ताणू नका.

आणि न कळणाऱ्या भाषेचा बाऊ सांगलीकरांनी तरी करू नये. कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत कानडी खेळ करायला आली, ते बघून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं राहिलं. हेच भावे लाकडाच्या बाहुल्याही करायचे. बाहुली हलली की जीव रमतो, ते आपल्या गावाला नवीन नाही.

मध्यंतर नसतं हे खरं. पण टोटोरो अवघा 86 मिनिटांचा आहे, आपल्याकडच्या पहिल्या अंकाहून जरासाच मोठा. आधी जाहिराती चालतात, तेवढ्यात जाऊन या. मोतीबिंदूसाठी मागच्या रांगेतली मधली खुर्ची घ्या. शाल न्या, एसी कडक असतो. भडंगाची पुडी मात्र पर्समध्ये लपवू नका. मी नेली होती आणि दारातच काढून ठेवावी लागली, तीही कांदा-लसणाची, वासानं सगळी रांग वळून बघत होती.

शेवटी नावं सुरू झाली की पिशवी आवरू नका. आमच्या खेळाला दिवे लागेपर्यंत कुणी हललं नव्हतं, मी एकटीच उभी राहून खाली बसले.

परत आलात की नातीनं काढलेलं त्या कापराच्या झाडाचं चित्र मला पाठवा. पोस्टर कलरमध्ये हवं, स्केचपेन चालणार नाही.